चौकोनी टोप्या आणि तांब्याचे पत्रे : ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्कचित्रांचा माग

मंगळवार, लंडन

ब्रिटिश म्युझियमच्या छापचित्र विभागात बसून चित्रं पाहायची तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. हव्या त्या चित्रांची यादी मी पुण्यातूनच कळवली होती. नव्वद क्रमांकाच्या दालनापाशी घंटा वाजवायची, ओळखपत्र दाखवायचं, पिशवी बाहेर ठेवायची, पेन खिशात आणि हातात फक्त शिसपेन्सिल. मग लांब टेबलावर आपल्या नावाची काळी पेटी येते. आयुष्यभर मुद्राचित्रण शिकवलं, पण ज्या चित्रांच्या छायाप्रती वर्गात दाखवत आलो ती मूळ कागदावर पाहायची राहून गेली होती. अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याचं ‘स्कॉलर्स अ‍ॅट अ लेक्चर’ समोर आलं तेव्हा पहिली काही मिनिटं मी वहीत काहीच टिपलं नाही.

चित्र लहान आहे, शाळेच्या वहीच्या पानाएवढं. १७३६-३७ सालचं. मधोमध उंचावर बसलेला व्याख्याता हातातल्या कागदावरून वाचतो आहे आणि त्याच्याभोवती नुसते चेहरे, एकावर एक दाटलेले. कुणाचं तोंड उघडं, कुणाच्या पापण्या मिटत चाललेल्या, कुणाला हसू आवरत नाही, कुणी नाक वर करून भलतीकडेच पाहतो आहे. चौकोनी टोप्यांचे सपाट माथे वेगवेगळ्या कोनांत कललेले आहेत आणि त्या कोनांवरूनच कोण जागा, कोण पेंगतो ते कळतं. कागदावर दोनच लॅटिन शब्द वाचता येतात : ‘दातुर वाकुउम’, म्हणजे पोकळी अस्तित्वात आहे. निसर्गात पोकळी असू शकते की नाही यावर विद्यापीठांत शतकानुशतकं वाद घातले जात होते. होगार्थनं तो वाद उचलून श्रोत्यांच्या डोक्यांवर ठेवला.

भिंगाखाली रेषा पाहिल्या. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं तो खरवडून चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात सोडायचा. जिथं तांबं उघडं पडलं तिथं आम्ल खातं, त्या खाचांत शाई भरायची आणि ओलसर कागदावर दाबयंत्रातून छाप घ्यायचा. मागच्या रांगेतले चेहरे होगार्थनं विरळ, समांतर रेषांत सोडून दिले आहेत. पुढच्या गालांवर मात्र रेषा एकमेकींना छेदत जातात, खाली हनुवटीशी ठिपके येतात आणि मांस खरंच लोंबल्यासारखं दिसतं. व्याख्यात्याच्या चेहऱ्यावर सगळ्यात कमी काम आहे. तो मूर्ख दिसत नाही. त्याला समोर कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नाही, एवढंच दिसतं.

हा व्याख्याता खरा माणूस होता. ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजचा हेन्री फिशर, पुढे त्याच विद्यापीठाचा रजिस्ट्रार. १७६१ साली तो वारला. त्यानं आपला चेहरा राजीखुशीनं काढू दिला, अशी नोंद होगार्थच्या सुरुवातीच्या चरित्रकारांनी करून ठेवली आहे. माझ्या सगळ्या प्रवासाची दिशा या नोंदीनं ठरवली. विद्यापीठातल्या पंडितांची ही चित्रं बाहेरच्या शत्रूंनी काढलेली नाहीत. ती काढणारे त्या जगाला फार जवळून ओळखत होते आणि ज्यांची चित्रं निघाली त्यांतल्या काहींनी ती काढूही दिली.

दुपारी दुसरी पेटी आली. मॅथ्यू आणि मेरी डार्ली या जोडप्याचं स्ट्रँडवर दुकान होतं. १७७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘मॅकरोनी’ म्हणजे फॅशनच्या आहारी गेलेल्या लोकांच्या चित्रांची मालिकाच काढली. त्यात विद्वानांनाही सोडलं नाही. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला जोसेफ बँक्स १७७२ साली फुलपाखरू पकडताना दिसतो आणि त्याचा सोबती डॅनियल सोलँडर हातात रोप घेऊन. सोलँडर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसचा शिष्य आणि याच म्युझियमच्या नोकरीतला. कागद सपाट आणि धुळीपासून सुरक्षित राहावेत म्हणून त्यानं इथं एक बिजागरीची पेटी तयार केली. जगभरच्या संग्रहालयांत ती आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. त्याचं अर्कचित्र माझ्यापुढं आलं ते सोलँडर पेटीतूनच. ज्याची थट्टा झाली त्याच्याच कामानं ती थट्टा अडीचशे वर्षं जपली, हे पाहून मला मनापासून आनंद झाला.

इथल्या व्यंगचित्रांची सूची हेही एक थोर काम आहे. पहिले खंड एकोणिसाव्या शतकात एफ. जी. स्टीफन्स यांनी केले आणि पाचव्यापासून अकराव्यापर्यंतचे डोरोथी जॉर्ज या बाईंनी. १९३५ ते १९५४ इतकी वर्षं त्यांचे खंड निघत होते. प्रत्येक चित्रातला माणूस कोण, मागच्या भिंतीवरचा कागद कसला, खाली लिहिलेली ओळ कुणाला टोचते, सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आज आपण त्या चित्रांवर जे काही बोलतो त्यातलं निम्मं तरी त्यांचं आहे.

बुधवार, लिंकन्स इन आणि चिझिक

सकाळी वास्तुविशारद सर जॉन सोन यांच्या घरातलं संग्रहालय. भिंतीच्या फळ्या बिजागऱ्यांवर उघडत जातात आणि आत होगार्थच्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या उधळ्या तरुणाच्या अधःपाताच्या मालिकेची आठही तैलचित्रं. छापचित्रांइतकी ती माझ्या कामाची नव्हती, पण छापांच्या मागची एक गोष्ट इथं सांगायला हवी. होगार्थची चित्रं बाजारात आली की लगेच नकला निघत. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी संसदेकडे दाद मागितली आणि १७३५ साली कोरीवकाम करणाऱ्यांना चौदा वर्षांचा हक्क देणारा कायदा झाला. ‘रेक’ची छापचित्रं त्यानं २५ जूनपर्यंत, म्हणजे कायदा लागू होईपर्यंत, मुद्दाम रोखून धरली. ऑक्सफर्डच्या पंडितांचं चित्र त्यानंतरचं.

दुपारी चिझिकला. होगार्थचं घर आज एका प्रचंड रहदारीच्या रस्त्याला लागून आहे आणि जवळच्या चौकालाही त्याचंच नाव आहे. फाटक लावून घेतलं तरी गाड्यांचा आवाज थांबत नाही. बागेत तुतीचं म्हातारं झाड आहे, आधार देऊन उभं केलेलं.

इथं मी थांबलो ते त्याच्या वडिलांसाठी. रिचर्ड होगार्थ लॅटिनचे शिक्षक. त्यांनी लंडनमध्ये एक कॉफीगृह काढलं. गिऱ्हाइकांनी तिथं लॅटिनमध्ये बोलावं अशी त्यांची कल्पना. ते बुडालं आणि कर्जापायी त्यांना फ्लीट तुरुंगाच्या हद्दीत कुटुंबासह राहावं लागलं. लॅटिनचा मोठा कोश त्यांनी लिहून ठेवला होता. पुस्तकविक्यांनी तो छापला नाही. विद्येवर जीव टाकणारा माणूस कसा झिजत गेला हे मुलानं लहानपणी घरातच पाहिलं आणि ते तो कधी विसरला नाही. आता काल पाहिलेलं चित्र पुन्हा आठवा. वडिलांना जे लॅटिन पोटाला लावू शकलं नाही, तेच लॅटिन ऑक्सफर्डच्या मंचावर पगारी माणूस पेंगणाऱ्या पोरांपुढं वाचतो आहे. त्या चित्रात विद्येचा तिटकारा नाही. विद्या वाया जाते आहे याची चीड आहे.

गुरुवार, ऑक्सफर्ड

पॅडिंग्टनहून तासाभरात ऑक्सफर्ड. भाची सोबत होती. ती इकडेच रसायनशास्त्रात संशोधन करते आणि मामाला कॉलेजं दाखवायला तिनं रजा काढली होती.

बॉडलियन ग्रंथालयाच्या जुन्या चौकात कुणालाही जाता येतं. चारी बाजूंना दारं आणि प्रत्येक दारावर लॅटिनमध्ये त्या विषयाचं नाव रंगवलेलं : तर्कशास्त्र, संगीत, नीतिशास्त्र, निसर्ग-तत्त्वज्ञान. एके काळी याच दारांच्या आत व्याख्यानं चालत. ‘स्कोला नातुरालिस फिलोसोफिए’ लिहिलेल्या दारासमोर मी बराच वेळ उभा होतो. पोकळीवरचं व्याख्यान व्हायचं ते याच विषयात.

अठराव्या शतकात या दारांच्या आत काय चाललं होतं याच्या साक्षी फार कडू आहेत. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ १७४० ते १७४६ बेलियल कॉलेजात होता. इथल्या बहुतेक प्राध्यापकांनी शिकवण्याचं सोंग करणंसुद्धा सोडून दिलं आहे, असं त्यानं तीस वर्षांनी आपल्या ग्रंथात लिहिलं. कारणही सांगितलं : पगार ठरलेला, तो शिकवलं तरी मिळतो आणि नाही शिकवलं तरी. इतिहासकार एडवर्ड गिबन १७५२ साली मॉडलिन कॉलेजात आला तेव्हा पंधराचाही नव्हता. इथले चौदा महिने आयुष्यातले सर्वांत निरर्थक, असं तो म्हणतो. त्याच्या एका शिक्षकाला पगार घ्यायची तेवढी आठवण होती, काम करायचं विसरून गेलं होतं. कॉलेजच्या फेलोंना, म्हणजे तिथल्या सदस्य-अध्यापकांना, लग्नाची परवानगी नसे. चर्चची एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षं तिथंच राहायचं, जेवायचं, प्यायचं. चित्रांतली ती सुटलेली पोटं आणि सुजलेली नाकं या व्यवस्थेतून आली आहेत.

पण ही अर्धीच बाजू झाली. ब्रॉड स्ट्रीटवर जुन्या अ‍ॅश्मोलियनची इमारत आहे, आज तिथं विज्ञानाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. प्रकाशाचं अपेरण, म्हणजे पृथ्वीच्या गतीमुळे ताऱ्यांची जागा किंचित सरकलेली दिसणं, शोधणारा खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडली १७२९ पासून १७६० पर्यंत याच इमारतीत प्रयोगांसह व्याख्यानं देत होता. म्हणजे होगार्थचं चित्र बाजारात आलं त्या वर्षीही, त्या चौकापासून दोन मिनिटांच्या अंतरावर, पोरं डोळे उघडे ठेवून ऐकत होती. त्या व्याख्यानाचं चित्र कुणी काढलं नाही.

पुढे हाय स्ट्रीटवर युनिव्हर्सिटी कॉलेजच्या भिंतीवर एक शिळा आहे. या जागी शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल १६५५ ते १६६८ राहत होता आणि रॉबर्ट हूकनं तयार केलेल्या हवा काढून घेणाऱ्या पंपावर त्यानं इथं प्रयोग केले. ती शिळा वाचून मी भाचीचा हात धरला. पोकळी आहे की नाही हा प्रश्न याच रस्त्यावर काचेच्या भांड्यात आणि पितळी पंपानं हाताळला गेला होता, त्या चित्राच्या पाऊणशे वर्षं आधी. होगार्थचा फिशर मात्र अजून कागदावरून वाचतोच आहे. भाची म्हणाली, “मामा, ही पाटी मी कितीदा तरी पाहिली असेल. पण त्या चित्राशी कधी जोडली नव्हती.”

त्याच कॉलेजच्या प्रार्थनागृहात सर विल्यम जोन्स यांचं शिल्पकार फ्लॅक्समननं केलेलं संगमरवरी शिल्प आहे. आधी पत्र पाठवून परवानगी घेतली होती. जोन्स या कॉलेजचे फेलो. १७८३ साली कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून गेले आणि तिथं संस्कृत शिकले. शिल्पात ते खुर्चीवर बसून मेजावर लिहीत आहेत आणि समोर जमिनीवर तीन हिंदी पंडित बसले आहेत. जोन्सना जे ठाऊक झालं ते या बसलेल्यांनी सांगितलं म्हणून. तरी खुर्ची एकच आहे आणि नाव एकाचंच. अर्कचित्रांत फिशरसारख्या माणसाचंसुद्धा नाव-गाव टिकून राहिलं. आपल्या शास्त्र्यांना थोर शिल्पकाराचा संगमरवर मिळाला आणि नाव मिळालं नाही. हे मला सहन झालं नाही आणि बाहेर येऊन मी भाचीला तसं सांगितलंही.

शुक्रवार, ऑक्सफर्डच

सकाळी ब्रेझनोज. या कॉलेजचं नाव दारावरच्या पितळी नाकावरून पडलं आणि ते जुनं नाक आता भोजनगृहात मुख्य टेबलामागं लावलेलं आहे. व्यंगचित्रकार थॉमस रोलँडसननं १८११ साली या नावाचा पुरेपूर उपयोग केला : कॉलेजातून बाहेर लोटणारे लठ्ठ, लालबुंद फेलो. रोलँडसनची रेष होगार्थहून अगदी वेगळी. बोरूची गोल, वळसे घेत जाणारी ओळ, एकदा सुरू झाली की पोटावरून खाली टाचेपर्यंत उचलायची नाही. त्यावर हातानं दिलेले जलरंग. होगार्थ माणसं तपासतो. रोलँडसनला ती माणसं आवडतात, त्यांच्या खादाडपणासकट.

मग हाय स्ट्रीटवरच्या जुन्या छापचित्रांच्या दुकानात शिरलो आणि तिथून लवकर निघणं झालं नाही. रॉबर्ट डायटनची काही चित्रं काढून दाखवली गेली. शीर्षक पाहून वाटावं की हे अमुक कॉलेजचं निसर्गदृश्य असेल. चित्रात मात्र इमारत नाहीच. एकच फेलो, डोक्यापासून पायापर्यंत, झगा आणि टोपी घालून रस्त्यानं चाललेला. नाव छापलेलं नाही, पण गावातल्या प्रत्येकाला कोण ते कळावं अशी चाल, असं पोट, अशी छत्री धरायची पद्धत. डायटन चेहरा फारसा ताणत नाही. त्याचं सगळं लक्ष माणूस उभा कसा राहतो यावर आहे. एका चित्रात पायमोजा घोट्याशी किंचित चुरगळला आहे. तेवढ्या एका चुणीवरून या माणसाच्या घरी त्याच्याकडे पाहणारं कुणी नाही हे मला समजलं. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो की अर्कचित्र नाक मोठं केल्यानं होत नाही. आता दाखवायला हा मोजा मिळाला.

डायटन ऑक्सफर्डला आला कसा, ही कहाणी ब्रिटिश म्युझियमची आहे. तो तिथल्या छापचित्र विभागात वर्षानुवर्षं जात असे, विल्यम बेलो या अधिकाऱ्याशी त्यानं ओळख वाढवली होती आणि आपल्या चित्रवहीत एकेक चित्र घालून तो बाहेर नेत होता. १८०६ साली सॅम्युअल वुडबर्न या व्यापाऱ्यानं त्याच्याकडून रेम्ब्रांचं एक निसर्गचित्र विकत घेतलं आणि म्युझियमच्या प्रतीशी ताडून पाहायला गेला. म्युझियमची प्रत जागेवर नव्हती. बेलोची नोकरी गेली. डायटननं चोरीचा माल परत मिळवून द्यायला मदत केली, त्यामुळे तो खटल्यातून सुटला, पण लंडन सोडावं लागलं. मग तो विद्यापीठांच्या गावांत येऊन तिथल्या मान्यवरांची चित्रं काढू लागला आणि ती खपली. मंगळवारी पेन खिशात आणि पिशवी बाहेर ठेवायला लावणारी जी शिस्त मी पाहिली, तिच्यामागं अशा माणसांचा इतिहास आहे. एवढी चांगली रेष हातात असलेल्या माणसानं असं करावं याचं मला वाईट वाटलं. मी त्याचं एक चित्र घेतलं.

शनिवार, केंब्रिज

किंग्ज क्रॉसहून सकाळची गाडी. केंब्रिज ऑक्सफर्डहून मोकळं, नदीकडे उघडणारं गाव आहे.

ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर पीटरहाऊस कॉलेजच्या वरच्या मजल्यावर एका खिडकीबाहेर लोखंडी दांडा दिसतो. तो कवी थॉमस ग्रेनं बसवून घेतला. त्याला आगीची विलक्षण भीती, आग लागली तर दोराला धरून उतरता यावं म्हणून हा दांडा. १७५६ साली पोरांनी आगीची खोटी आरोळी ठोकली. ग्रे चिडला आणि रस्त्यापलीकडच्या पेम्ब्रोक कॉलेजात राहायला गेला. १७६८ साली तो आधुनिक इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि १७७१ मध्ये मरेपर्यंत त्यानं एकही व्याख्यान दिलं नाही. आळशी नव्हता तो. त्या काळी इंग्लंडमध्ये त्याच्याइतकं वाचलेली माणसं थोडी होती. पण जागा आणि काम यांचा संबंधच तुटला होता.

तिथून थोडं पुढे सेंट कॅथरिन्स कॉलेज. हेन्री बनबरी इथला विद्यार्थी, सफोकच्या खानदानी घरातला. तो धंदेवाईक नव्हता. तो चित्र काढायचा आणि केंब्रिजमध्ये चित्रकला शिकवणारा जेम्स ब्रेदरटन ते तांब्यावर कोरायचा. १७७४ च्या ‘द होप्स ऑफ द फॅमिली’ या चित्रात खेड्यातला जमीनदार आपल्या वाढलेल्या, खांदे पाडून उभ्या पोराला प्रवेशासाठी प्राध्यापकापुढं घेऊन आला आहे. बापाच्या अंगात मुलाचा अभिमान मावत नाही आणि पोराला हात कुठं ठेवावे कळत नाही. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात मी हेच बाप आणि हेच मुलगे पाहिले आहेत. बनबरीची रेष कच्ची आहे, शरीररचना चुकते, तरी तो पोरगा खरा आहे, कारण चित्रकार स्वतः नुकताच त्या जागी उभा राहून आला होता.

त्याचं १७७७ चं ‘पॉट फेअर’ हे मिडसमर कॉमनवरच्या जत्रेचं चित्र. चिनीमातीची भांडी विकायला येत म्हणून जत्रेला ते नाव. आम्ही त्या कुरणावर गेलो. गाई चरत होत्या, पोरं सायकली हाणत होती. तिथं पाहायला खास काही नाही, पण डबे सोडायला जागा उत्तम.

दुपारी सेनेट हाऊस आणि सेंट जॉन्स कॉलेज. गणिताच्या ट्रायपॉसच्या, म्हणजे पदवी परीक्षेच्या, गुणानुक्रमे याद्या अठराव्या शतकाच्या मध्यापासून छापल्या जाऊ लागल्या. आळसाची एवढी चित्रं निघाली त्याच काळात केंब्रिजनं ही खडतर परीक्षा उभी केली. १८९९ साली त्या यादीत पहिल्या जागी दोघे बरोबरीत आले आणि त्यांतले एक सेंट जॉन्सचे, दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. सीनिअर रँग्लर, म्हणजे या यादीत पहिले, आलेले ते पहिले हिंदी विद्यार्थी. परत येऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं, त्या वेळी सरकारी बड्या नोकरीकडे वळले नाहीत. जागा आणि काम यांचा संबंध त्यांनी कधी तुटू दिला नाही. सेंट जॉन्सच्या दारात मी नमस्कार केला.

परतीच्या गाडीत भाचीला रिचर्ड वॉटसनची हकीकत सांगितली. ट्रिनिटीचा हा फेलो १७६४ साली रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवडला गेला. तोपर्यंत त्या विषयाचं अक्षरही वाचलेलं नव्हतं, एकही प्रयोग पाहिलेला नव्हता, हे त्यानंच लिहून ठेवलं आहे. पुढे तो धर्मशास्त्राचा प्राध्यापक झाला, मग बिशप झाला आणि धर्मशास्त्राची जागा तशीच ठेवून सरोवराकाठी शेतीवाडी पाहत राहिला. “अगदी बनबरीच्या हाती लागायला हवा होता,” मी म्हणालो.

“पण रसायनशास्त्राचं पुढं काय केलं त्यानं?” तिनं विचारलं.

पॅरिसहून एक जाणकार मदतनीस आणवला, स्वतःला प्रयोगशाळेत कोंडून घेतलं आणि चौदा महिन्यांनी व्याख्यानं सुरू केली. ऐकायला गर्दी होत असे. बंदुकीच्या दारूसाठीचा कोळसा बंद भांड्यात तयार करावा ही त्याची सूचना सरकारनं उचलली आणि दारूची ताकद वाढली.

“मग मामा, त्याचं ते चौदा महिन्यांचं चित्र काढ तू,” ती म्हणाली. मी वही काढली. स्टीव्हनेज येईपर्यंत भट्टी, चिमटा आणि बाह्या वर केलेला बिशप एवढं कागदावर आलं होतं. टोपी कुठं ठेवायची ते अजून ठरलेलं नाही.